तरुण घोडी चरापाशी थांबते : तिला या हिवाळ्यात इव्हेंटिंगच्या स्पर्धेत उतरवावे का?

वर्धारोडची_स्वार, १२ जुलै

सर्व जाणकारांना नमस्कार. मी नागपूरला राहते आणि गेली सहा वर्षे घोडेस्वारी शिकते आहे. आजवर मी नेहमी दुसऱ्यांनी तयार केलेल्या घोड्यांवरच बसत आले. मागच्या दत्तजयंतीला मात्र वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून माझ्यासाठी एक कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी आणली आणि तिला इव्हेंटिंगसाठी, म्हणजे तीन वेगवेगळ्या फेऱ्यांच्या घोडेस्वारी स्पर्धेसाठी, मी स्वतः घडवायचे, असे आम्ही ठरवले. तिचे नाव रेवा. तिला पाच वर्षे पूर्ण झाली आहेत, असे विकणाऱ्याने सांगितले होते. कागदपत्र काही मिळाले नाही आणि त्या वेळी आम्हीही त्याचा आग्रह धरला नाही.

रेवा स्वभावाने प्रेमळ आणि धीट आहे. मार्चपर्यंत कदम, दुडकी आणि कँटर (संथ दौड) या तिन्ही चालींत ती चांगली हाताशी आली, एप्रिलपासून बांबूंवरून उड्या मारू लागली आणि मे महिन्याच्या अखेरीस पाऊण मीटरचा अडथळा तिला खेळासारखा वाटू लागला. जूनमध्ये पहिला पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर आम्ही क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे रानातले अडथळे ओलांडत करायच्या दौडीच्या, सरावासाठी शेताच्या कडेला दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणून घेतला. पहिल्या दिवशी तिने त्यावरून इतकी उंच उडी घेतली की मी तिच्या मानेवर आले आणि तोल सावरताना लगामाला जोरात हिसका बसला. तिसऱ्या दिवशी ती चरापाशी थांबली. आता दहा पावलांवरूनच तिचे कान मागे जातात, मी लगाम आवळला की ती डोके वर झटकते आणि जागच्या जागी रुतल्यासारखी उभी राहते.

माझ्या प्रशिक्षकांच्या मते ही शुद्ध हट्टाची सवय असून छडीचा धाक दाखवून एकदा तिला पार नेले, की प्रश्न सुटेल. मी दोन दिवस तसे केले. ती चार वेळा पार गेली, पण कालपासून ती त्या शेताच्या फाटकातूनच आत यायला तयार नाही. डिसेंबरच्या सुमारास होणाऱ्या एका नवशिक्यांच्या स्पर्धेत तिला उतरवायचे मी मनाशी ठरवले आहे. ही भीती आहे की सवय, आणि हिवाळ्यापर्यंत ती तयार होऊ शकेल का, हे कृपया सांगावे.

निवृत्त_दफेदार, १२ जुलै

ताई, सर्वांत आधी एक काम करा. उद्या सकाळी दाणा देण्यापूर्वी रेवाचा ओठ वर करून पुढचे दात पाहा. घोड्याचे मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडून कायमचे येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांनी आणि कोपऱ्याचे साडेचार वर्षांनी. दुधाचा दात लहान, पांढरा आणि हिरडीपाशी बारीक झालेला असतो. कायमचा दात रुंद आणि पिवळसर असतो, त्यावर उभ्या रेघा असतात. कोपऱ्याचे दात अजून दुधाचे असतील, तर घोडी पाच वर्षांची नाही, मग विकणारा काहीही म्हणो. यात्रेत घोड्याचे वय वाढवून सांगण्याची रीत जुनीच आहे, कारण पाच वर्षांच्या घोड्याला जास्त भाव येतो.

आता चराविषयी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते, पण कपाळासमोरचा आणि नाकाखालचा थोडा भाग दिसत नाही. जमिनीतली खोली अजमावायची असेल, तर त्याला मान खाली घालून नीट पाहावे लागते. उंच अडथळा त्याला लांबूनच दिसतो. चर मात्र जवळ गेल्यावर अचानक पायाखाली उघडतो. अशा वेळी स्वाराने लगाम आवळला, की ज्या एका हालचालीने घोड्याला ती जागा समजली असती, तीच हालचाल आपण रोखून धरतो. तुम्ही लिहिले आहे की लगाम घट्ट केल्यावर ती डोके झटकते. माझ्या समजुतीप्रमाणे ती तेव्हा पाहायला मान मागत असते. त्यातच पहिल्याच दिवशी उडी घेतल्याबद्दल तिला तोंडात हिसका मिळाला. घोडा अशी गोष्ट एका वेळेत शिकतो आणि ती विसरायला त्याला महिने लागतात.

माझी एक चूक तुम्हाला सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक चार वर्षांचा घोडा तयार करायला दिला होता. तो माझ्या हातून गेलेल्या सर्वांत हुशार जनावरांपैकी एक होता आणि म्हणूनच मी त्याला घाई केली. पाण्यात उतरायला तो बिचकला, तेव्हा मागून दोन माणसे उभी करून मी त्याला आत घातले. तो उतरला, पण तळाला चिखल होता, त्याचा पुढचा पाय रुतला आणि तो गुडघ्यावर आला. त्यानंतर सहा वर्षे तो घोडा पलटणीत होता. मैदानात उत्तम उड्या मारायचा, पण रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या डबक्यालाही वळसा घालून जायचा. घोड्याने काही विसरले नव्हते. ते डबके पाहिले की मला माझीच आठवण यायची.

म्हणून तो चर सध्या बुजवून टाका किंवा त्यावर जाड फळ्या टाका, आणि महिनाभर तिला त्या शेतात नेऊ नका. काटोल किंवा कळमेश्वरच्या बाजूला कोणाची संत्र्याची बाग ओळखीची असेल, तर शेतकऱ्याची परवानगी घेऊन तिला तिथे फिरायला न्या. झाडांना पाणी देणारे दांड हे तरुण घोड्यासाठी देवाने खणून ठेवलेले चर आहेत: वीतभर रुंद, उथळ, आणि दर दहा पावलांवर एक. सोबत एखादा वयस्क, शांत घोडा असू द्या. तो पुढे चालेल आणि रेवा त्याच्या मागे लगाम सैल सोडून चालेल. तिने थांबून वास घेतला, फुरफुरली, पाय आपटून पाहिला, तर घेऊ द्या. फक्त मागे फिरू देऊ नका. पुढे किंवा जागेवर, एवढेच दोन पर्याय तिच्यासमोर ठेवा आणि बाकीचा वेळ तिचा. पाचव्या-सहाव्या दांडापर्यंत ती पायाखाली पाहणे सोडून देईल. त्यानंतर चर हा शब्दही तुम्ही मनात आणू नका, निदान पोळ्यापर्यंत.

कामठी_कॅम्प, १३ जुलै

दफेदार साहेबांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. नकार दिला की काम संपते आणि तबेल्यात परत जायला मिळते, हे घोड्याला एकदा समजले, की तो सगळीकडेच नकार द्यायला लागतो. मी स्वतः असे दोन घोडे पाहिले आहेत, ज्यांना फार लाडाने वाढवल्यामुळे शेवटी कोणी विकत घेईना. प्रशिक्षक रोज समोर उभे राहून घोडी पाहतात आणि आपण सगळे लांबून बोलत आहोत, हेही लक्षात घ्यावे. छडी मारण्यासाठी नसली, तरी पायाच्या इशाऱ्याला जोड म्हणून तिचा उपयोग असतोच.

पशुवैद्य_विदर्भ, १३ जुलै

स्वभावावर निर्णय देण्याआधी दुखणे तपासणे आवश्यक आहे, आणि आपल्या वर्णनात माझे लक्ष एकाच गोष्टीकडे गेले: लगाम आवळल्यावर डोके झटकणे. पुढच्या दातांप्रमाणेच घोड्याच्या पुढच्या दाढाही दुधाच्या असतात. त्या अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान टोपीसारख्या सुटून पडतात आणि शेवटची जोडी चौथ्या वर्षाच्या आसपास हलते. अर्धवट सुटलेली टोपी हिरडीत टोचत असताना तोंडात लोखंड घातले, तर शहाणे जनावरही डोके झटकेल. काही घोड्यांत दाढांच्या पुढे एक लहानसा निरुपयोगी दातही असतो आणि लगामाचे लोखंड नेमके त्यावर घासते. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तोंड उघडण्याचे साधन लावून दाढांची तपासणी करून घ्या. त्याच वेळी पाठीवरून बोटे दाबत नेऊन पाहा. वाढत्या घोडीची पाठ दर दोन-तीन महिन्यांनी आकार बदलते आणि डिसेंबरात बसणारे खोगीर जुलैमध्ये खांद्यामागे रुतत असू शकते.

वयाचा मुद्दा मला दफेदारांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. घोड्याची हाडे एकाच वेळी पक्की होत नाहीत. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढीची जागा साधारण दोन ते अडीच वर्षांत भरून येते, वरची हाडे त्यानंतर, आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाच वर्षांच्या सुमारास किंवा त्याही नंतर. स्वार बसतो तो या सर्वांत उशिरा पक्क्या होणाऱ्या भागावर. चार वर्षांच्या घोडीला काम देऊच नये असे मी म्हणत नाही. बेताचे काम हाडाला बळकटी देते. पण उडी मारून खाली येताना पुढच्या पायांवर पडणारा भार आणि कदम चालीत पडणारा भार यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून विटेसारखी कडक होते आणि पावसाळ्यात पाय ओढून धरते, त्यामुळे दोन्ही ऋतूंत तिच्यावर उड्या मारणे सांध्यांना आणि स्नायुबंधांना घातक ठरते. मुरूम आणि वाळू टाकून पाणी निचरणारी एखादी पट्टी तयार करता आली, तर तो खर्च औषधांच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी असेल.

उन्हाळ्यात आपण पहाटे काम केले असेल, असे मी धरून चालतो. मात्र आपल्या भागात लोक पावसाळ्यात निर्धास्त होतात आणि तिथे चूक होते. पारा पंचेचाळीसवरून बत्तीसवर आला, तरी हवेत ओल असल्यामुळे घोड्याचा घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. विश्रांतीच्या वेळी रेवाची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असायला हवा. काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी ६०च्या खाली आली नाही, किंवा सगळे घोडे घामाघूम असताना तिची कातडी कोरडी राहिली, तर त्या दिवसाचे काम बंद करा, अंगावर सतत गार पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा. पावसाळ्यानंतर मोठ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यामुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो. घोडी निष्कारण मंदावली, अधूनमधून ताप येऊ लागला, तर रक्त तपासून घ्यायला विसरू नका. धनुर्वाताची लस दिली आहे ना?

वर्धारोडची_स्वार, १५ जुलै

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी आज सकाळी दात पाहिले आणि खात्रीसाठी सईसकाकांनाही दाखवले. वरचे आणि खालचे मधले चार कायमचे आहेत, त्यांच्या शेजारचेही कायमचे आहेत, पण ते अजून पूर्ण उंचीला आलेले दिसत नाहीत. कोपऱ्याचे चारही दात लहान, पांढरेशुभ्र आणि दुधाचेच आहेत. म्हणजे रेवा चार वर्षांचीसुद्धा जेमतेमच असेल, आणि मी तिला पाच वर्षांची समजून एप्रिलपासून उड्या मारायला लावत होते. हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटले. दाढा दाखवण्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. धनुर्वाताची लस दिलेली आहे.

आता स्पर्धेचा विचार पूर्ण सोडावा, की निदान अनुभवासाठी तिला तिथे घेऊन जावे?

तिन्ही_फेऱ्या, १६ जुलै

ताई, मी पुण्याला असते आणि आठ वर्षे इव्हेंटिंग करते आहे. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जुलैमध्ये विचारलेत. पुष्कळ जण घोडा लंगडल्यावर विचारतात.

हा खेळ घोड्याकडून काय मागतो, ते एकदा शांतपणे पाहिले, की डिसेंबरचा निर्णय आपोआप होईल. ड्रेसाज (चालींची शिस्तबद्ध कसरत), क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग (मैदानात मांडलेल्या अडथळ्यांवरील उड्या) या तिन्ही फेऱ्या एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने करायच्या असतात. खेळाचा उगम लष्करी आहे. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा केवळ सेनाधिकाऱ्यांनाच त्यात भाग घेता येत होता, कारण संचलनाला शांत, रानात धाडसी आणि दुसऱ्या दिवशीही कामाला हजर असा फौजी घोडा पारखणे हा त्याचा हेतू होता. आपल्या देशातही ही परंपरा फौजेनेच जपली. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि संघालाही सुवर्ण मिळाले.

गुण दंडाचे असतात, म्हणून ते जितके कमी तितके चांगले. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे फवाद मिर्झा आणि त्यांचा घोडा सेन्यूर मेडिकॉट यांचे आकडे पाहा. ड्रेसाजमध्ये त्यांना २८ दंडगुण मिळाले आणि ते पहिल्या दहांत होते. क्रॉस-कंट्रीत त्या घोड्याने एकही अडथळा नाकारला नाही, फक्त ठरलेल्या वेळेपेक्षा २८ सेकंद जास्त लागले, आणि प्रत्येक सेकंदाला ०.४ या हिशेबाने ११.२० दंडगुण वाढले. पुढे शो जंपिंगच्या दोन फेऱ्या होऊन एकूण ५९.६० गुणांवर ते तेविसावे आले. आता याच हिशेबात एक नकार घालून पाहा: क्रॉस-कंट्रीत पहिल्या नकाराला २० दंडगुण, त्याच अडथळ्यावर दुसऱ्या नकाराला आणखी ४०, आणि तिसऱ्याला स्पर्धेतून बाद. म्हणजे चरापाशी एकदा थांबणे हे पन्नास सेकंद उशिरा येण्याइतके महाग आहे. म्हणून ज्याला जिंकायचे आहे, त्याने घोड्याच्या वेगाआधी त्याचा विश्वास जपावा लागतो. कामठी_कॅम्प यांच्या मुद्द्याचे उत्तरही मला इथेच दिसते. धाकाने घोडा घरच्या चरावरून जाईल, पण स्पर्धेत त्याने आधी कधीही न पाहिलेला अडथळा येतो, तेव्हा त्याच्याजवळ फक्त स्वारावरचा भरवसा असतो.

आणखी एक गोष्ट नवीन स्वारांना सहसा कोणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय एक-तारांकित स्पर्धेत क्रॉस-कंट्रीच्या भक्कम अडथळ्यांची उंची जास्तीत जास्त १.०५ मीटर असते आणि सर्वोच्च अशा पाच-तारांकित स्पर्धेत १.२० मीटर. सगळ्या कारकिर्दीत उंची वाढते ती केवळ वीतभर! वाढतो तो प्रश्नांचा अवघडपणा: उतारावरचा अरुंद अडथळा, पाण्यात उतरल्यावर लगेच वळण, दोन अडथळ्यांमधले फसवे अंतर. रेवा पाऊण मीटर मारते, याचा अर्थ तिच्या पायात ताकद आहे. तिचे डोके अजून शाळेत आहे. फ्रान्समध्ये दरवर्षी तरुण इव्हेंटिंग घोड्यांची जागतिक स्पर्धा भरते, तीसुद्धा सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांसाठी असते.

माझ्या मते या डिसेंबरात प्रवेशिका भरू नका, पण शक्य असेल तर तिला स्पर्धेच्या ठिकाणी जरूर न्या. ट्रकमध्ये चढणे, अनोळखी तबेल्यात रात्र काढणे, ध्वनिक्षेपकाचा आवाज आणि शेजारून उधळत जाणारे घोडे ऐकत उभे राहणे, हा तिचा पहिला इव्हेंट असेल. कुठेही नेण्यापूर्वी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी आणि प्रवासाची कागदपत्रे वेळेत करून ठेवा.

तोपर्यंत आठवड्यातले दोन दिवस लांब चालणे, दोन दिवस मोठ्या वर्तुळांत ड्रेसाजचे सोपे काम आणि एक दिवस जमिनीवर सव्वा मीटरच्या आसपास अंतराने ठेवलेल्या बांबूंवरून दुडकी, इतके पुरे. हे अंतर तिच्या चालीप्रमाणे थोडे कमी-जास्त करून घ्या. उड्या नकोत. दोरावर गोल फिरवणेही दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण लहान वर्तुळात सांध्यांवर एका बाजूने ताण येतो. आणि काम चांगले झाले, त्याच क्षणी खाली उतरा. माझी स्वतःची सगळ्यांत मोठी चूक "आणखी एकदाच" ही होती.

कामठी_कॅम्प, १६ जुलै

घोडी चार वर्षांची असेल, तर माझे मत मी मागे घेतो. मी पक्क्या वयाच्या, शिकलेल्या घोड्याचा विचार करून लिहिले होते. आमच्याकडे सोळा वर्षांचा एक अतिशय शांत घोडा आहे. बागेत पुढे चालायला सोबत हवी असेल, तर निरोप पाठवा. रविवारी सकाळी मी घेऊन येईन.

वर्धारोडची_स्वार, ४ ऑगस्ट

थोडे उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. डॉक्टरांनी दाढा पाहिल्या आणि वरच्या उजव्या बाजूची एक टोपी अर्धी सुटून गालाला घासत असल्याचे दाखवले. त्यांनी ती हाताने सहज काढली. बोटाच्या पेराएवढी आहे, खालून पोकळ, कडा धारदार. मी ती काडेपेटीत ठेवली आहे. नंतर दहा दिवस रेवाच्या तोंडात काहीही घातले नाही, फक्त मोहरकी लावून हाताने फिरवले. खोगीरही खरोखर खांद्यामागे दाबत होते. ते बदलले आहे.

दोन रविवार आम्ही कळमेश्वरच्या बाजूच्या एका बागेत गेलो. कामठीहून दादा त्यांचा म्हातारा घोडा घेऊन आले होते. पहिल्या दांडापाशी तो सरळ चालत गेला आणि रेवा मात्र थांबली. मी लगाम पूर्ण सोडून तिच्या आयाळीवर हात ठेवला. तिने मान इतकी खाली घातली की मला फक्त तिची मान आणि दोन कान दिसत होते, आणि ते कान पुढे होते. तिने पाण्याला नाक लावले, जोरात फुरफुरली, माझ्या बुटांवर शिंतोडे उडाले, आणि मग एक एक पाय उचलून ती पलीकडे गेली. दुसऱ्या रविवारी आम्ही एकूण बावीस दांड ओलांडले. शेवटच्या काही दांडांवर म्हातारा घोडा मागे होता.

शेतातला चर प्रशिक्षकांच्या संमतीने बुजवला आहे. त्यांना मी दातांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनीही स्वतः ओठ वर करून पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. फाटकापाशी रेवा अजून क्षणभर थांबते. तिथे रोज संध्याकाळी तिला लसूणघास देऊन परत आणते, आत जात नाही. हे किती दिवस करावे, दफेदार काका?

निवृत्त_दफेदार, ४ ऑगस्ट

ती स्वतःहून फाटक ओलांडून तुम्हाला आत ओढत नेईपर्यंत, ताई. आणि तोपर्यंत घास फाटकाच्या आतल्या बाजूला, रोज एक एक पाऊल पुढे ठेवत जा.